ॲनोमली स्कॅनमधे बाळाच्या हृदयात टीजीएची शंका, २१ वा आठवडा, पुढे काय करायचं?

पूर्णाकाठचा:
नमस्कार मंडळी, इथे नुसता वाचत असतो, लिहितोय पहिल्यांदाच. बायकोला २१ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. काल परभणीत ॲनोमली स्कॅन झाला. सोनोग्राफीच्या मॅडम बराच वेळ छातीपाशीच बघत राहिल्या, मग दोघांना बसवून म्हणाल्या की मेंदू, मणका, किडन्या, हातपाय सगळं छान, वाढ पण बरोबर, पण हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल झाल्यासारख्या वाटतायत. रिपोर्टवर 'टीजीएची शंका, फीटल इको करावा' असं लिहून दिलंय, फीटल इको म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी. रात्रभर मोबाईलवर वाचत बसलो आणि जेवढं वाचलं तेवढा गोंधळ वाढला, कुठे लिहिलंय मुलं अगदी नॉर्मल जगतात, कुठे लिहिलंय पहिल्या आठवड्यात जातात, आणि कुठे तर असंही आहे की चाळिशीपर्यंत कळतच नाही!
मला विचारायचंय ते असं की ही शंका खरी निघण्याची शक्यता किती, फीटल इको कुठे करू (आम्हाला संभाजीनगर, पुणे, हैदराबाद सगळंच लांब), आणि नेहमीच्या डॉक्टर म्हणाल्या की काही निर्णय घ्यायचा तर २४ आठवड्यांच्या आत घ्या, म्हणजे नेमकं काय? घरी आईनं वेगळंच काढलंय की ग्रहणात हिनं भाजी चिरली म्हणून झालं. बायको तेव्हापासून कुणाशी बोलत नाहीये. मी प्रायव्हेट नोकरीत, केशरी रेशनकार्ड आहे. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

केतकी_नागपूर:
दादा, पहिलं म्हणजे मोबाईल बंद करा. माझ्या मुलाला टीजीए होता, आता दुसरीत आहे आणि काल शाळेत कुणाशी तरी मारामारी करून आलाय. आम्हालाही विसाव्या आठवड्याच्या स्कॅनलाच कळलं होतं. तेव्हा वाटलं हे कळलंच नसतं तर निदान चार महिने सुखात गेले असते, पण नंतर एनआयसीयूत (नवजात बाळांचा आयसीयू) शेजारच्या बेडवरचं बाळ बघितलं, त्याचा आजार तोच, फक्त आधी कळला नव्हता, तालुक्याच्या गावी जन्मलं, निळं पडलं, ॲम्ब्युलन्समधून आलं ते व्हेंटिलेटरवरच. तिथून माझा विचार बदलला.
आमचं सगळं आधी ठरलेलं होतं. ज्या हॉस्पिटलमधे लहान मुलांची हार्ट सर्जरी होते तिथेच डिलिव्हरी, आणि नॉर्मल झाली बरं का, नुसत्या हृदयाच्या कारणानं सिझर करायची गरज नसते असं सांगितलं होतं. बाळ जन्मल्यावर रडलं, गुलाबी होतं, मला तर वाटलं निदानच चुकलं! थोड्या वेळानं ओठ काळपट झाले. तोवर नाळेतून लाईन टाकून प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध चालू केलं होतं, त्याच दिवशी हृदयातलं भोक मोठं करायची फुग्याची प्रोसिजर केली आणि दुसऱ्या आठवड्यात मोठं ऑपरेशन. ऑपरेशननंतरचे दिवस वाईट असतात, खोटं कशाला सांगू, त्या इवल्याशा अंगाला इतक्या नळ्या बघवत नाहीत. पण एकदा नळ्या निघाल्या की पोरं भराभर सुधारतात. आता वर्षातून एकदा इको, बाकी औषध काही नाही.
वहिनींना म्हणावं कधीही मेसेज करा, मी आहे.

रेडिओ_मिलिंद:
मी रेडिओलॉजिस्ट आहे. रिपोर्ट बघितलेला नाही त्यामुळे निदानावर बोलत नाही, पण थोडं समजावतो.
आधी तुमच्या मॅडमचं कौतुक करतो. टीजीए स्कॅनमधे सुटून जातो त्याचं कारण असं की आपल्याकडे बरेच जण हृदयाचे चार कप्पे बघतात आणि पुढे जातात, आणि टीजीएत चार कप्पे अगदी व्यवस्थित दिसतात. गडबड त्याच्या वर असते, रक्तवाहिन्या निघतात तिथे. नॉर्मल हृदयात डाव्या कप्प्यातून महाधमनी आणि उजव्यातून फुप्फुसाची धमनी निघते आणि दोघी एकमेकींना फुली मारल्यासारख्या ओलांडून जातात. टीजीएत महाधमनी उजव्या कप्प्यातून, फुप्फुसाची डाव्यातून, आणि दोघी समांतर वर जातात. हे बघायचं तर प्रोब तिरका करून आउटफ्लो (रक्तवाहिन्या बाहेर पडतात ती जागा) आणि त्याच्या वरचा थ्री व्हेसल व्ह्यू (तीन रक्तवाहिन्या एकत्र दिसतात ते दृश्य) घ्यावाच लागतो. बाळ पालथं असेल, आईच्या पोटावर चरबी असेल तर त्यातही कसरत. मॅडमनी वेळ काढून ते बघितलं.
आता आजाराबद्दल. साडेतीन ते पाच हजार बाळांमागे एखाद्याला होतो. पोटात असताना बाळाला याचा त्रास होत नाही कारण ऑक्सिजन नाळेतून येतो, फुप्फुसं कामालाच लागलेली नसतात, म्हणूनच वाढ चांगली दिसते. प्रश्न नाळ कापल्यावर सुरू होतो. शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता पुन्हा शरीरातच फिरतं, आणि फुप्फुसातलं शुद्ध रक्त फिरून फुप्फुसातच जातं. या दोन चक्रांत थोडी तरी मिसळ होते ती दोन वाटांनी, वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक आणि डक्टस नावाची छोटी नळी, आणि या दोन्ही वाटा जन्मानंतर आपोआप बंद व्हायला लागतात. प्रोस्टाग्लँडिन ती नळी उघडी ठेवतं. फुगा ते भोक मोठं करतो. ही फुग्याची युक्ती १९६६ साली फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंड यांनी काढली. आणि रक्तवाहिन्या कापून योग्य जागी जोडायचं ऑपरेशन, म्हणजे आर्टेरिअल स्विच, १९७५ मधे ब्राझीलच्या अदिब जतेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केलं. त्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक कॉरोनरी धमन्याही उचलून नव्या जागी शिवाव्या लागतात, कौशल्य सगळं तिथे आहे.
हे ऑपरेशन पहिल्या दोनतीन आठवड्यांत का, तर डावा कप्पा फुप्फुसाकडे कमी दाबानं रक्त ढकलायला लागतो आणि हळूहळू त्याची ताकद जाते, मग त्याच्यावर अख्ख्या शरीराचा भार टाकता येत नाही. खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला मोठं भोक असेल तर थोडी सवड मिळते. चांगल्या सेंटरला शंभरातली ९५ च्या वर बाळं यातून सुखरूप बाहेर येतात.
आधी कळण्याचा फायदा किती, याचा पॅरिसच्या डॉक्टरांचा १९९९ चा अभ्यास आहे. जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ ऑपरेशनच्या आधीच गेली, आणि पोटात असतानाच निदान झालेल्या ६८ पैकी एकही नाही. म्हणून तुम्ही आज घाबरलेले असलात तरी तुमच्या हातात जे आलंय ते उपयोगाचं आहे.
चाळिशीपर्यंत कळत नाही म्हणून जे वाचलंत तो एल टीजीए, नाव सारखं पण आजार वेगळा, त्यात कप्पेही उलटे असतात. फीटल इकोला हे विचारा: डी (मी वर सांगितला तो नेहमीचा) की एल, मधल्या पडद्याला भोक आहे का, फुप्फुसाच्या झडपेखाली अडथळा आहे का, वरच्या कप्प्यांमधली वाट मोकळी आहे का. कॉरोनरी पोटात असताना खात्रीनं सांगता येत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी ते टाळलं तर लपवतायत असं समजू नका. इको बालहृदयरोगतज्ज्ञाकडे किंवा फीटल मेडिसिनवाल्याकडेच करा, मोठ्यांचा इको करणाऱ्यांकडे नको. आणि हो, फीटल इकोलाही पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा लागू आहे, त्यातला फॉर्म एफ भरावा लागेल, बाईंचं आधारकार्ड न्या.

आयुर्धन:
दादा या सगळ्या मशीनच्या भानगडी. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबली करून घ्या आणि ताईंना रोज देशी गाईचं तूप द्या, माझ्या ओळखीत एकाचं छिद्र आपोआप बुजलं.

रेडिओ_मिलिंद:
आयुर्धन, छोटी छिद्रं बरीचशी आपोआपच बुजतात, तूप खा नाहीतर नका खाऊ. हे छिद्र नाहीये. उलट यात भोक बुजलं तर बाळ जातं. कृपया इथे हे नको.

सासवडची_मावशी:
मी आईंच्या ग्रहणाबद्दल लिहिते कारण घरात खरं दुखणं ते असतं. बाळाचं हृदय पहिल्या दोनअडीच महिन्यांतच घडून होतं, तेव्हा काही बायकांना धड दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. तुमच्या घरी भाजी कधी चिरली ते मला माहीत नाही, पण विळीचा आणि हृदयाचा काडीचा संबंध नाही. बहुतेक केसेसमधे कारण सापडतच नाही. आईला आधीपासून शुगर असेल तर हृदयाच्या दोषांची शक्यता वाढते, ती तपासणी झाली असेलच. पुढच्या बाळाला होईल का, तर शंभरात एकदोन, असं आमच्या सुनेला डॉक्टरांनी सांगितलं होतं.
आता बाबा तुला एक सांगते, आईशी वाद घालत बसू नकोस. त्यांना फीटल इकोला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव. आमच्या वयाच्या बायका मुलाचं ऐकत नाहीत, पांढऱ्या कोटाचं ऐकतात. आणि सुनेसमोर पुन्हा ग्रहण निघालं तर मात्र तिथल्या तिथे गप्प कर, आई असली तरी. तिच्या पोटात पोर आहे आणि तिच्याच डोक्यावर खापर, हे काय वागणं झालं!

नीरव:
मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. आमच्या बाळाला एचएलएचएस होता, म्हणजे हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. त्यात दुरुस्ती नसते, एकाच कप्प्यावर काम भागवायला तीन टप्प्यांत ऑपरेशनं करतात, पहिलं जन्मल्याबरोबर, दुसरं साधारण चारसहा महिन्यांचं असताना, तिसरं दोनचार वर्षांनी, आणि तरी पुढचं आयुष्य सोपं नाही. आम्ही थांबायचं ठरवलं. त्यावर इथे चर्चा नको.
तुमच्या २४ आठवड्यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो. पूर्वी गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २० आठवड्यांची मर्यादा होती. मुंबईतल्या एका जोडप्याला २००८ मधे बाळाच्या हृदयाचा दोष २० आठवडे उलटून गेल्यावर कळला, ते हायकोर्टात गेले आणि परवानगी मिळाली नाही, तेव्हापासून यावर बोलणं सुरू झालं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं करता येतं. त्यानंतर सरकारी मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं, बोर्डानं तीन दिवसांत मत द्यायचं असतं. म्हणजे २४ उलटले की सगळं संपलं असं नाही, पण धावपळ खूप होते. म्हणून फीटल इको याच आठवड्यात करा, निर्णय कुठलाही असो.
आणि टीजीए आणि आमचा आजार एका तराजूत तोलू नका. आम्हाला टीजीए म्हणाले असते तर आम्ही पुढे गेलो असतो. हे माझं मत झालं. दोघं शांतपणे बसा आणि ठरवा, आणि शेवटचा शब्द वहिनींचा असू द्या.

पूर्णाकाठचा:
सगळ्यांचे खूप आभार. मधे लिहायला जमलं नाही. पुण्याला जाऊन फीटल इको करून आलो, मावशींनी सांगितलं तसं आईला पण नेलं. डी टीजीएच निघाला, मधल्या पडद्याला भोक नाही, झडपा चांगल्या, वरच्या कप्प्यांमधली वाट आत्ता मोकळी आहे पण शेवटच्या महिन्यात परत बघणार म्हणाले कारण ती आखडत जाऊ शकते. बाळाभोवतीचं पाणी काढून क्रोमोसोमची टेस्ट करायची का ते विचारलं, साध्या टीजीएत त्याचा दोष क्वचितच सापडतो म्हणाले पण निर्णय आमच्यावर सोडला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून अर्धा तास समजावलं. आईनं एकच विचारलं, "पोर खेळंल का?" ते म्हणाले खेळेल. त्यानंतर ग्रहण निघालेलं नाही.
आम्ही पुढे जायचं ठरवलंय, बायकोनंच सांगितलं. आता प्रश्न पैशाचा आणि जागेचा. डिलिव्हरी परभणीत करून बाळाला लगेच ॲम्ब्युलन्सनं नेलं तर नाही का चालणार? परभणीत सासर माहेर दोन्ही आहे, तिकडे आमचं कुणीच नाही. खर्चाचा आकडा ऐकून तर घाम फुटला, लाखांत आहे.

रात्रपाळीची_सिस्टर:
नाही चालणार. मी एनआयसीयूत काम करते, नवजात बाळांच्या ट्रान्सपोर्टला कितीदा गेलेय. तुमच्या बाळाला मधल्या पडद्याचं भोक नाही, म्हणजे मिसळ व्हायला वरची वाट आणि ती नळी एवढंच. वरची वाट जन्मताच अपुरी पडली तर नुसत्या औषधावर भागत नाही, काही तासांत फुगाच लागतो आणि तो करणारा माणूस तिथे हजर पाहिजे. परभणी ते पुणे रस्ता किती तासांचा आहे ते तुम्हीच बघा. शिवाय प्रोस्टाग्लँडिनमुळे बाळं मधेच श्वास घ्यायची थांबतात, हा त्या औषधाचा नेहमीचा साईड इफेक्ट आहे, त्यामुळे गाडीत व्हेंटिलेटर आणि तो चालवता येणारं माणूस लागतं. नेहमीची ॲम्ब्युलन्स म्हणजे ऑक्सिजनचा सिलिंडर आणि ड्रायव्हर, आणि टीजीएत नुसता ऑक्सिजन देऊन फारसा फरक पडत नाही.
आईच्या पोटाएवढी चांगली ॲम्ब्युलन्स अजून कुणी बनवलेली नाही. ३६-३७ आठवड्यांनाच त्या गावी जाऊन राहा. तारीख साधारण ३९ व्या आठवड्याच्या आसपास ठरवून कळा आणतात, म्हणजे सर्जन, बेड सगळं जागेवर असतं. अचानक आधीच कळा सुरू झाल्या तर काय, हे पण हॉस्पिटलला आजच विचारून ठेवा आणि परभणीच्या डॉक्टरांकडे सगळ्या रिपोर्टची एक फाईल देऊन ठेवा.

कागदपत्रवाला:
पैशाचं मी सांगतो, मी याच कामात असतो. केशरी कार्ड आहे म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसता. लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं त्या यादीत आहेत, पण योजनेतलं प्रत्येक हॉस्पिटल प्रत्येक ऑपरेशन करत नाही, म्हणून हॉस्पिटल ठरवायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) भेटून स्पष्ट विचारा की नवजात बाळाचं आर्टेरिअल स्विच तुमच्याकडे योजनेत होतं का. नुसतं 'हार्ट होतं का' विचारलंत तर हो म्हणतील, ते मोठ्यांच्या बायपासचं सांगत असतात! जन्मल्यावर बाळाचं नाव कार्डावर नसतं, तेव्हा कुठले कागद चालतात हेही आधीच विचारा, जन्माचा दाखला लगेच काढायला एक माणूस मोकळा ठेवा.
दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आरबीएसके. हा २०१३ मधे आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला मदत होते, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुख्यमंत्री सहायता निधीचा वैद्यकीय कक्ष आहे, तिथे अर्जाला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते आत्ताच मागून ठेवा. आणि खारघरला श्री सत्य साई संजीवनी म्हणून फक्त मुलांच्या हृदयाचं हॉस्पिटल आहे, तिथे बिलाची खिडकीच नाही, सगळं मोफत. पण पहिल्या आठवड्यातलं बाळ ते घेऊ शकतात का आणि डिलिव्हरीची सोय कुठे करायची, हे आधी फोन करून पक्कं करा, गृहीत धरू नका. मुंबईत परळचं वाडिया पण विचारात घ्या, ट्रस्टचं आहे.
कंपनीचा ग्रुप इन्शुरन्स असेल तर एचआरला लेखी विचारा: बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आणि जन्मजात अंतर्गत आजार धरतात का. बऱ्याच पॉलिसीत बाहेरून दिसणारा जन्मजात दोष वगळतात, आतला धरतात. तोंडी हो म्हणाले तर धरून चालू नका, मेलवर घ्या.
केरळात २०१७ पासून हृद्यम नावाची सरकारी योजना आहे, अशा बाळाची ऑनलाईन नोंद झाली की कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते सरकारच ठरवून देतं. आपल्याकडे हेच काम बापाला फायली घेऊन चार दारं फिरून करावं लागतं, काय बोलणार.

पूर्णाकाठचा:
सिस्टर, पटलं. खारघर आणि परळ दोन्हीकडे सोमवारी फोन करतो. मावसभाऊ कळव्याला असतो, त्याच्याकडे राहता येईल. बायको विचारतेय की बाळाला अंगावर पाजता येईल का, आणि ऑपरेशनआधी हातात तरी घेऊ देतात का?

केतकी_नागपूर:
वहिनी, जन्मल्यावर क्षणभर दाखवतात, तब्येत बरी असेल तर छातीवर पण ठेवतात, आधीच सांगून ठेवा की मला घ्यायचंय, म्हणजे गडबडीत राहून जात नाही. अंगावर पाजणं सुरुवातीला बहुतेक होत नाही, पण दूध काढून देता येतं, ते नळीनं देतात. पहिल्या दिवसापासून दर तीन तासांनी काढायचं, रात्री पण, नाहीतर दूध आटतं आणि नंतर परत आणायला फार त्रास होतो. इलेक्ट्रिक पंप लगेच विकत घेऊ नका, महाग असतो, बऱ्याच एनआयसीयूत असतो किंवा भाड्यानं मिळतो. मुंबईत असाल तर मोठ्या हॉस्पिटलांत दुधाची बँक पण आहे का विचारा, सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलला तर १९८९ पासून आहे, आशियातली पहिली.
ऑपरेशननंतर ओढून प्यायला शिकायला आमच्याला वेळ लागला, दमायचा. बोलायलाही थोडा उशिरा लागला. स्पीच थेरपी केली. ही मुलं बोलणं, लक्ष देणं यात जरा मागे राहू शकतात म्हणून हृदयाच्या फॉलोअपबरोबर ते पण बघून घ्यायचं असतं, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कळव्याला यायच्या आधी मला फोन करा, काय काय सामान लागतं त्याची यादी पाठवते, समोरून उघडणारे गाऊन आत्ताच शिवायला टाका.